अकरा मिनिटं बावन्न सेकंद

शाळेच्या धोरणपुस्तिकेला अठ्ठेचाळीस पानं होती आणि अप्पांनी ती शेवटच्या पानापासून वाचायला घेतली. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाची ही सवय. दुकानदार लखलखीत तराजू पुढे मांडतो आणि भानगड असते ती पारड्याच्या खालच्या अंगाला, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी पारडी उलटी करून पाहिलेलं होतं. तेव्हा पहिल्या पानावरच्या हसऱ्या मुलांचा त्यांच्यावर काही परिणाम होण्याचं कारण नव्हतं.

"शैक्षणिक धोरणे आणि अपेक्षा," ते मोठ्यानं म्हणाले. "धोरण कुणाचं आणि अपेक्षा कुणाकडून, हे कुठंच लिहिलेलं नाही. बघ."

"अप्पा, तुम्ही नुसती सही करा," लेक एका पायात चप्पल घालत म्हणाली. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळी सातला निघायची आणि संध्याकाळी सातला यायची. जावई परगावी नोकरीला. त्यामुळे नातीची शाळा ही अप्पांच्या अखत्यारीतली बाब झाली होती, आणि अप्पांच्या अखत्यारीत आलेली बाब आजवर कधी नुसत्या सहीवर सुटलेली नव्हती.

नात पाचवीत होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती जेवायची, बोलायची आणि जिना उतरायची एकाच वेगानं. वाचायचीही त्याच वेगानं, आणि सगळं रामायण घडलं ते तिथंच.

पुस्तिकेतला नियम सात असा होता: प्रत्येक विद्यार्थ्याने रोज घरी नेमून दिलेला मजकूर मोठ्याने वाचावा, त्यास वीस मिनिटे लागणे अपेक्षित आहे. घरातील एका प्रौढ व्यक्तीने ते ऐकावे, लागलेला वेळ नोंदवहीत लिहावा आणि सही करावी. नेमलेल्या मजकुराच्या पुढचे वाचू नये. वाचनकाल सतत कमी आढळल्यास विद्यार्थ्यास मागे पडणाऱ्यांसाठीच्या आधारवर्गात घेण्यात येईल. आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात, आधारवर्गातल्या विद्यार्थ्यास सहावीत गेल्यावर वरच्या मजल्यावरील ग्रंथालयाचे कार्ड मिळणार नाही.

"बारीक टायप," अप्पा म्हणाले. "मला ठाऊकच होतं."

वरच्या मजल्यावरचं ग्रंथालय हा भिंगरीच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. ते फक्त सहावी ते आठवीच्या मुलांना उघडं होतं. बाकीच्यांनी काचेच्या दारातून बघायचं. भिंगरी पहिलीपासून बघत होती. दारातून नऊ कपाटं पूर्ण दिसतात, दहावं अर्धं दिसतं आणि त्या अर्ध्यातच जाड पुस्तकं आहेत, एवढी माहिती तिनं चार वर्षांत गोळा केली होती.

गेल्या वर्षी वाचन ऐकायचं काम तिची आजी करत होती. वर्ष संपता संपता आजी गेली, आणि नव्या वर्गाबरोबर नोंदवही अप्पांकडे आली. लेकीनं वही त्यांच्या टेबलावर ठेवली, शेजारी पेन ठेवलं, एवढंच.

अप्पांनी कपाटातून स्टॉपवॉच काढलं. पहिल्या संध्याकाळी भिंगरी समोर बसली. अप्पा म्हणाले, "सुरू." भिंगरीनं श्वास घेतला आणि धड्याच्या पार टोकाला गेल्यावर सोडला. अप्पांनी खटका दाबला. "बस. बारा मिनिटं सहा सेकंद."

त्यांनी वहीत तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटं चाळीस सेकंद. तिसऱ्या दिवशी बारा-दोन. अप्पा खटका दाबत, लिहीत, सही करत आणि सहीखाली तारखेबरोबर वेळही घालत.

ही वही पहिल्यांदा पाहिली समोरच्या दारातल्या शिकवणीवाल्या बाईंनी. त्यांची जुळी मुलं भिंगरीच्याच वर्गात होती.

"अय्या, हे काय? सेकंद?" बाई म्हणाल्या. "अप्पा, वीस लिहायचं असतं हो."

"बारा लागली तर वीस कसं लिहिणार?"

"हातानं!"

वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. ते थांबले. दुसऱ्याच्या अडचणीत थांबणं हा त्यांचा एकमेव व्यायाम होता. "सही म्हणजे काय, अप्पा, पोच. पाकीट मिळालं याची पोच. पाकिटात काय आहे त्याच्याशी आपला संबंध नाही. मी चौतीस वर्षं हेच केलं."

अप्पांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पोस्टमास्तरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मग तिला हळू वाचायला सांगा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मापाच्या तळाला मेण लावा," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात किडा शिरला. इमारतीत भिंगरी सोडून त्या शाळेची सात मुलं होती. सातांच्या वहीत रोज वीस? नैसर्गिक मोजमापात असं होत नाही. सात दुकानांतली सात मापं केसभरही इकडेतिकडे नाहीत, असं दिसलं तर निरीक्षकानं खुशाल समजावं की सातही एकाच लोहारानं बिघडवलेली आहेत. अप्पांनी तपासणी हाती घेतली.

तपासणीची पद्धत साधी होती. संध्याकाळी दाराबाहेर उभं राहायचं आणि आतलं वाचन मोजायचं. शिकवणीवाल्या बाईंच्या दाराशी सहा मिनिटं भरली, त्यातली दोन जुळ्यांच्या मारामारीची. सातव्या मिनिटाला दार उघडलं.

"काही हवंय का, अप्पा?"

"नाही, नाही. तुमचं चालू द्या."

"चालू काय द्या? दाराला कान लावून उभे आहात!"

"लावलेला नाही," अप्पा ताठ होत म्हणाले. "कान दारापासून वीतभर लांब आहे."

दुसऱ्या दिवशी खालच्या फलकावर कागद लागला: जिन्यात विनाकारण उभे राहू नये. अप्पांनी तो दोनदा वाचला आणि आपल्याकडे कारण असल्यामुळे तो आपल्याला लागू नाही, असा निष्कर्ष काढला. त्या आठवड्यात इमारतीतली सगळी मुलं खिडक्या लावून वाचू लागली. पोस्टमास्तरांना नातवंडंच नव्हती, तरी तेही दार लावून वर्तमानपत्र वाचू लागले.

महिन्याअखेरी शाळेचं पत्र आलं. आपल्या पाल्याचे सरासरी वाचन अकरा मिनिटे बावन्न सेकंद असून ते वर्गात सर्वांत कमी आहे. सबब पाल्यास आधारवर्गात का घेऊ नये, याचा खुलासा करावा.

भिंगरीनं पत्र वाचलं. पंचवीस-एक सेकंद लागले असतील. मग ती काहीच बोलली नाही, आणि घरात ही गोष्ट इतकी नवीन होती की अप्पांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अप्पा, मला कार्ड नाही मिळणार?"

"मिळणार. चूक त्यांची आहे."

"पण आकडे तुमचे आहेत."

अप्पांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं.

शाळेच्या कार्यालयाला दोन खिडक्या होत्या. एका खिडकीवर 'चौकशी' लिहिलेलं होतं आणि ती बंद होती. दुसरीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिच्या आत एक कारकूनबाई संगणकासमोर बसल्या होत्या. अप्पांनी पत्र सरकवलं.

"मुलगी वेगानं वाचते," ते म्हणाले. "वर्गात सगळ्यांत वेगानं. म्हणून वेळ कमी लागतो. तुम्ही उलटं धरलंय."

"मी काही धरत नाही, काका. संगणक धरतो."

"मग संगणकाला सांगा."

"त्याला वेगाचा रकाना नाही. वेळेचा आहे."

वर्गशिक्षिका आल्या. तरुण होत्या, हातात तपासायच्या वह्यांचा ढीग होता. "भिंगरीचं वाचन फार छान आहे हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण माझ्या मतालाही रकाना नाही." आणि ढिगासकट निघून गेल्या. जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं. हे आपल्याला धीर देण्यासाठी की आपण अजून उभे आहोत का ते बघण्यासाठी, याचा अप्पांना उलगडा झाला नाही.

शेवटी प्रकरण मुख्याध्यापिकांपुढे गेलं. त्यांच्या टेबलावर दोन वह्या उघड्या होत्या, एक या वर्षीची आणि एक गेल्या वर्षीच्या नोंदींची छापील प्रत.

"हे बघा," त्या म्हणाल्या. चष्मा कपाळावर होता आणि आवाजात दिवसभराचे पालक होते. "गेल्या वर्षी दोनशे बारा दिवस, रोज वीस मिनिटं. या वर्षी अकरा-बारा. मजकुराची लांबी तीच. मग दोनच शक्यता उरतात. एक तर मुलगी नीट वाचायची सोडून भराभर उरकायला लागली आहे, म्हणजे मागे पडली आहे. नाहीतर गेल्या वर्षीच्या नोंदी खोट्या आहेत."

अप्पांनी गेल्या वर्षीची प्रत आपल्याकडे वळवली.

"दुसरं असेल तर सोपं आहे. मुलगी पहिल्यापासूनच वेगानं वाचते असं धरता येईल. आधारवर्ग टळेल. फक्त तसं लेखी द्यावं लागेल." त्यांनी एक छापील कागद पुढे केला. त्यावर दोन चौकोन होते. "सही कुणाची होती गेल्या वर्षी?"

"माझ्या पत्नीची."

"मग त्यांनाच विचारा ना घरी."

"त्या आता नाहीत," अप्पा म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग पुन्हा काढला. "शुक्रवारपर्यंत दिलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

बायकोवर संशय घ्यायला माणसाला तरुणपणी भरपूर वाव असतो. अप्पांनी तो तेव्हा घेतला नव्हता, कारण तेव्हा ते दौऱ्यावर असत आणि सगळा संशय दुकानदारांत खर्च होई. आता बहात्तराव्या वर्षी, तोही खोट्या नोंदीचा, तो घ्यायची पाळी आली. निरीक्षकाच्या घरात. रोज. दोनशे बारा वेळा. खात्यातल्या एखाद्या सहकाऱ्याला हे कळलं असतं तर, या विचारानं ते घरी येईपर्यंत दोनदा चुकीच्या गल्लीत वळले.

लेकीनं आईच्या वह्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. अप्पांनी स्टुलावर चढून त्या काढल्या आणि भिंग घेऊन बसले. सगळ्या नोंदी एका बैठकीत लिहिल्या असतील तर शाई एकच असणार. शाई एक नव्हती. निळी, काळी, एकदा हिरवी, कधी शिसपेन्सिल, आणि एक संपूर्ण आठवडा तर लेकीच्या काजळाच्या पेन्सिलीनं. म्हणजे नोंदी रोजच्या रोज झाल्या होत्या. खोटं असेल तर तेही नियमित होतं. शेवटच्या पानांवर अक्षर मोठं होत गेलं होतं, ओळ सोडून खाली उतरत होतं. आकडा वीसच होता.

"काय शोधताय अप्पा?" लेक दारात उभी होती.

"शाई."

तिनं वह्या पाहिल्या, भिंग पाहिलं, छापील कागदावरचे दोन चौकोन पाहिले. "आईची तपासणी चालली आहे?"

"तपासणी नाही. पडताळणी."

ती आत गेली. बराच वेळ नळ चालू राहिल्याचा आवाज आला. मग ती चहा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवत म्हणाली, "काही सापडलं तर मला सांगू नका."

अप्पांनी चहा घेतला. पहिल्या चौकोनावर खूण केली तर नात मागे पडते. दुसऱ्यावर केली तर बायको खोटी ठरते, आणि तीही अशी, की उत्तर द्यायला येऊ शकत नाही. दुकानदारालासुद्धा त्यांनी बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कधी माप जप्त केलं नव्हतं.

साक्षीदार एकच होता. तो पलंगावर पालथा पडून पाय हलवत होता.

"भिंगरी, खरं सांग. आजीसमोर तू हळू वाचायचीस?"

"नाही."

"मग वीस मिनिटं कशी व्हायची?"

"आजी मधेच थांबवायची ना."

"कशाला?"

"म्हणायची, थांब, मला हे पटत नाही." भिंगरी उठून बसली. "मग मी म्हणायची, अगं गोष्टीत तसंच आहे. मग ती म्हणायची, असेना. मग आम्ही भांडायचो. मग पुढे वाचायचो. मग परत थांबवायची."

"आणि घड्याळ?"

"घड्याळ नाही. दूध उतू गेलं की बंद."

अप्पांनी डोळे मिटले. गेलं संपूर्ण वर्ष घरात रोज संध्याकाळी दूध उतू जात होतं. अप्पांनी त्यासाठी शेगडी दुरुस्तीवाल्याला तीनदा बोलावलं होतं, त्याच्यावर संशय घेतला होता, आणि तिसऱ्या वेळी त्याचा पानाही तपासला होता. बायको तेव्हा ओटा पुसत उभी होती आणि म्हणाली होती, "शेगडीचं काही खरं नाही हो."

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी भिंगरीला विचारलं. "मी तर रोज समोर बसतो."

"आजी 'थांब' म्हणायची, तुम्ही 'बस' म्हणता," भिंगरी म्हणाली.

मंगळवारी त्यांनी प्रयोग केला. नेमलेला धडा एका प्रामाणिक माणसाचा होता. त्याला शेजाऱ्याचं हरवलेलं कबूतर सापडतं, तो ते तीन दिवसांनी परत नेऊन देतो आणि सगळं गाव त्याला शाबासकी देतं. भिंगरी सुसाट निघाली. पहिलं पान संपलं. अप्पांनी घसा खाकरला. मधेच थांबवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना येत नव्हतं.

"थांब," ते म्हणाले.

भिंगरी थांबली आणि वाट बघू लागली.

"तीन दिवस," अप्पा म्हणाले. "तीन दिवस कबूतर कुठं होतं?"

"त्याच्या घरी."

"शेजार किती लांब?"

भिंगरीनं पान उलटून पाहिलं. "भिंतीला भिंत."

"मग तीन दिवस कशाला लागले? आणि ठेवलं कशात?"

"पिंजऱ्यात. इथे लिहिलंय."

"पिंजरा आला कुठून? कबूतर सापडण्याआधी त्याच्याकडे पिंजरा का होता?"

भिंगरीचं तोंड उघडं राहिलं. "अप्पा! त्यानंच पकडलं?"

"मी तसं म्हणत नाही. मी म्हणतो, जबाबात विसंगती आहे."

"पण मग परत का दिलं?"

"शाबासकीसाठी! गाव मूर्ख आहे."

"नाही, नाही, थांबा. त्याला दाणे कोण घालत होतं ते बघू." ती मागची दोन पानं पुन्हा वाचू लागली, या वेळी बोट ठेवून. दाण्यांचा उल्लेख नव्हता. हे तर फारच गंभीर होतं. दोघांनी मिळून त्या प्रामाणिक माणसाची अशी उलटतपासणी केली, की धड्याखालच्या 'यातून काय शिकलात' या प्रश्नाला जागा उरली नाही.

"आजीनं वेगळं विचारलं असतं," शेवटी भिंगरी म्हणाली.

"काय?"

"कबुतराला कुणाकडे बरं वाटत होतं, असं."

अप्पांनी कबुतराचं पान परत उलटून पाहिलं. मग त्यांनी खटका दाबला. चोवीस मिनिटं तीस सेकंद. बुधवारी सत्तावीस झाली. गुरुवारी एकतीस, आणि तीही लेकीनं जेवायला हाका मारून थांबवली म्हणून. एकतीस वर्षांत त्यांनी कमी माप देऊन पूर्ण लिहिणारे हजारो पाहिले होते. जास्त देऊन कमी लिहिणारी ही पहिलीच आढळली होती, आणि तीही घरात. कायद्याची पुस्तकं त्यांना तोंडपाठ होती. त्यात याला कलम नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि भिंगरीला घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. कागदावरच्या दोन्ही चौकोनांवर त्यांनी काट मारली होती आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

गेल्या वर्षीच्या नोंदी खऱ्या आहेत, किंबहुना कमी आहेत. या वर्षीच्या नोंदी सदोष आहेत. दोष विद्यार्थिनीचा नसून मोजणाऱ्याचा आहे. त्याने फक्त शब्दांचा वेळ मोजला.

त्याखाली सही होती, आणि सहीखाली 'निरीक्षक, निवृत्त'. 'निवृत्त' हा शब्द त्यांनी आजवर कुठंही लिहिला नव्हता.

मुख्याध्यापिकांनी ते दोनदा वाचलं. मग संशयानं अप्पांकडे पाहिलं, मग त्याच संशयानं भिंगरीकडे. "हिची वाचनाची समज कशी आहे, हे मी आत्ता बघू शकते ना?"

"बघा की," अप्पा म्हणाले.

त्यांनी पाचवीचं पुस्तक उघडून पुढे केलं, नेमका कबुतराचा धडा. "या माणसाबद्दल काय वाटतं?"

"मॅडम," भिंगरी खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "त्याच्याकडे पिंजरा आधीपासून होता."

अर्ध्या तासानं बाहेर दोन पालक ताटकळत होते आणि आत मुख्याध्यापिका म्हणत होत्या, "पण हा धडा मी अठरा वर्षं शिकवतेय!" वर्गशिक्षिका वह्यांचा ढीग घेऊन कशासाठी तरी आल्या होत्या, त्या दाराशीच थांबून म्हणाल्या, "आणि दाणे, मॅडम?" शेवटी मुख्याध्यापिकांनी पेन उचललं, आधारवर्गाच्या यादीतलं एक नाव खोडलं आणि म्हणाल्या, "सहावीत गेलीस की पहिल्याच दिवशी कार्ड घेऊन जा. आणि हे बाहेर वर्गात बोलू नकोस."

खिडकीपाशी कारकूनबाईंनी नोंदवही पुढे ओढली. "काका, या आठवड्याच्या नोंदी राहिल्यात. बोला."

"मंगळवार, चोवीस मिनिटं तीस सेकंद."

कारकूनबाईंचे हात थांबले. "वीसच्या वर नको, काका. वीसच्या वर गेलं की संगणक 'अडखळत वाचते' असं छापतो. लगेच आधारवर्ग. गेल्या वर्षी तुमच्याकडच्या काकूंनाही मी हेच सांगितलं होतं."

भिंगरी जिन्याशी उभी राहून वर, काचेच्या दाराकडे बघत होती. अप्पांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"वीस लिहा," ते म्हणाले. "कमी भरणार नाही."